रविवारचे मटण आणि यकृत: आधी रिपोर्ट, मग ताट

आषाढ संपत आला की ठाण्यात मटणाच्या दुकानांपुढे गटारीच्या रांगा लागतात, आणि ज्याच्या सोनोग्राफीच्या कागदावर नुकतेच ‘ग्रेड 1 फॅटी लिव्हर’ लिहून आलेले असते, त्याच्या घरात पहिला निवाडा होतो तो मटणाचा. हा निवाडा सर्वस्वी चुकीचा नाही, पण घाईचा आहे. ताटाला हात लावण्याआधी रिपोर्ट नीट वाचावा.

वय आणि रक्ताच्या रिपोर्टमधील एसजीओटी, एसजीपीटी (ही दोन यकृताची एन्झाइम्स) आणि प्लेटलेट एवढ्या तीन आकड्यांवरून फिब-4 नावाचा, यकृतातील व्रणांचा अंदाज देणारा अंक घरी काढता येतो. वयाला एसजीओटीने गुणावे. प्लेटलेट हजारांत लिहून त्यांना एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणावे. आणि पहिल्या संख्येला दुसरीने भागावे. समजा वय 52, एसजीओटी 48, एसजीपीटी 64 आणि प्लेटलेट 2.10 लाख, म्हणजे 210 हजार आहेत. 2496 ला 1680 ने भागले की 1.49 येतात. अंक 1.3 च्या खाली असेल (वयाच्या पासष्टीनंतर 2 च्या खाली) तर यकृतात व्रण (फायब्रोसिस, म्हणजे जखमा भरल्यावर राहणारे कडक वण) साठल्याची शक्यता कमी, 2.67 च्या वर असेल तर बरीच, आणि मधल्या अंकाला डॉक्टर बहुधा फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झाले ते मोजणारी तपासणी) सांगतात. कावीळ झालेली असताना हा हिशेब करू नये, कारण तेव्हाचे आकडे फसवे असतात. त्याचबरोबर हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी एकदा करून घ्यावी. हे दोन विषाणू आणि दारू ही यकृताच्या कर्करोगाची मोठी कारणे आहेत, आणि ती तशीच ठेवून केवळ मटण सोडणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आता मांसाचा संबंध कुठे येतो ते पाहू. यकृताच्या पेशींत चरबी साठली की त्या दुखावतात, तेथील कुप्फर पेशी (यकृतातील रोगप्रतिकारक पेशी) दाह वाढवणारी रसायने सोडतात, आणि वर्षानुवर्षे पेशी मरत व नव्याने विभागत राहिल्या की व्रण वाढून सिरॉसिस (यकृत कायमचे कडक होणे) होतो व जनुकांतील चुका साठत जातात. या दाहात बहुधा काहीच दुखत नाही. लाल मांसातील संपृक्त चरबी यकृतातील चरबी वाढवते, तर शरीरात लोह मुळातच जास्त साठलेले असेल तर मांसातील सहज शोषले जाणारे लोह त्यात भर घालते. अमेरिकेतील सुमारे 5 लाख लोकांच्या आहाराचा माग ठेवणाऱ्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सर्वाधिक लाल मांस खाणाऱ्यांत यकृताचा कर्करोग जास्त आढळला, मात्र कोंबडी आणि मासे अधिक खाणाऱ्यांत तो कमी होता. हा केवळ सहसंबंध आहे, कार्यकारणभावाचा पुरावा नव्हे. तरी मटण आणि बांगडा यांना एकाच पारड्यात टाकू नये, एवढे त्यातून निश्चित घ्यावे.

दूध कर्करोग करते असे सांगणारे 1968 मधील हैदराबादच्या प्रयोगाकडे बोट दाखवतात. त्यात उंदरांना दुधातील केसीन हे प्रथिन 20 टक्के दिले तेव्हा यकृतात गाठी झाल्या, 5 टक्क्यांवर झाल्या नाहीत. पण त्या उंदरांना अफ्लाटॉक्सिन हे शेंगदाण्यावरही वाढणाऱ्या बुरशीचे विषही दिले जात होते, हे सांगायचे राहून जाते. आपल्यासाठी त्यातला उपयोगी धडा शेंगदाण्याचा आहे: वाशीच्या बाजारातून आणलेले दाणे पसरून बघावेत आणि बुरशी धरलेले, काळवंडलेले, सुरकुतलेले किंवा चवीला कडू लागणारे सरळ फेकावेत. भाजल्याने हे विष पुरते जात नाही.

स्वयंपाकघरात करायचे ते फारसे अवघड नाही. लाल मांस आठवड्याला शिजवलेले 350 ते 500 ग्रॅमच्या आत ठेवावे. सॉसेज, सलामी शक्यतो आणूच नयेत. मटणाचा रस्सा आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवला तर सकाळी वर चरबीचा पांढरा थर गोठलेला दिसतो. तो चमच्याने अख्खा उचलून टाकावा आणि मग रस्सा गरम करावा. मसाल्याची चव फारशी जात नाही. बोंबील रव्यात घोळवून तळण्याऐवजी त्यांचे कालवण करावे. श्रावणात सुटलेले मटण मात्र साबुदाणा वडे आणि गोड सरबतांनी भरून काढू नये, कारण जादा साखरेचीही यकृतात चरबीच होते. वजन जास्त असल्यास ते 7 ते 10 टक्क्यांनी, म्हणजे 80 किलोच्या माणसाने 6 ते 8 किलोंनी उतरवले, तर यकृतातील दाहही कमी होऊ शकतो. ठाण्यातील तलावपाळीच्या रोजच्या पायी फेऱ्या याच खात्यात जमा होतात. बिनसाखरेच्या कॉफीला मात्र हरकत नाही. ती पिणाऱ्यांत हा कर्करोग कमी आढळतो.

सिरॉसिस झालेल्यांना यातले बरेच नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. त्यांनी प्रथिने तोडू नयेत. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने अंडी, दही, डाळ, मासे यांतून घ्यावीत आणि दर 6 महिन्यांनी सोनोग्राफी करावी. निर्जळी उपवास तर करूच नये, आणि रात्रभर पोट रिकामे राहू नये म्हणून झोपण्यापूर्वी दूध-पोळीसारखे काहीतरी खाऊन घ्यावे.