एसजीपी-४ उपग्रह चुकीच्या जागी दाखवतंय? या चुका टाळा

सांगितलेल्या वेळी उपग्रह दिसला नाही की पहिला संशय मॉडेलवर. त्यात एसजीपी-४ हे उपग्रहाची जागा काढणारं गणिती मॉडेल १९८०च्या अहवालातलं, म्हणून ‘जुनं झालंय’ म्हणायलाही सोपं. पण घोळ बहुतेक वेळा आपण त्याला काय दिलं आणि उत्तराचा काय अर्थ लावला, यात असतो.

आधी घड्याळ तपासा. एसजीपी-४ला आपण टीएलई देतो, म्हणजे उपग्रहाच्या कक्षेचे आकडे असलेल्या दोन ओळी. त्यातली वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते. भारतीय वेळ तशीच दिली, तर साडेपाच तासांत अंतराळ स्थानकाच्या साडेतीन फेऱ्या होतात. स्क्रीनवर ते पुण्यावर दिसतं, तेव्हा प्रत्यक्षात जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडे असतं. दिवस बरोबर एकाने चुकतोय? टीएलईत १ जानेवारी सुरू होतानाची मध्यरात्र १.० धरतात, ०.० नाही.

नकाशावर प्रत्येक फेरी त्याच रेषेवरून जातेय? मग पृथ्वीचं फिरणं हिशेबात घ्यायचं राहिलंय. एसजीपी-४चं उत्तर टीईएमई नावाच्या चौकटीत, म्हणजे जागा मोजायच्या अक्षांत येतं, ही चौकट पृथ्वीबरोबर फिरत नाही. खरा मार्ग स्थानकाच्या बाबतीत दर फेरीला साधारण २३ अंश पश्चिमेला सरकतो. ती चौकट जे२००० (२००० सालच्या अक्षांची चौकट) समजून वापरली तरी आज सुमारे ४० किलोमीटरपर्यंत फरक पडू शकतो, आणि ही चूक नकाशावर डोळ्यांना कळतही नाही. स्कायफील्डसारखी पायथन लायब्ररी हे रूपांतर स्वतः करते.

सर्वांत फसवी चूक हुशार माणसं करतात. टीएलईतले आकडे घ्यायचे आणि आपल्या ‘अधिक अचूक’ संख्यात्मक प्रोग्रामला सुरुवातीची कक्षा म्हणून द्यायचे. ते आकडे त्या क्षणाची खरी कक्षा नसतातच. ते सरासरी घटक आहेत, एसजीपी-४च्याच सूत्रांना जुळवून काढलेले. दुसऱ्या सूत्रात घातले की पहिल्या क्षणापासूनच किलोमीटरांची चूक. डब्ल्यूजीएस-७२चे (पृथ्वीचा आकार आणि गुरुत्व सांगणारे) स्थिरांक बदलून ८४चे घालणं हाही त्यातलाच प्रकार. बी-स्टार (हवेच्या रोधाचा आकडा) ऋण दिसला म्हणून शून्य करू नका, तोही जुळवणीतूनच आलेला आकडा आहे.

टीएलई शिळं होतं. खालच्या कक्षेत सुरुवातीलाच साधारण एक किलोमीटरची चूक असते, मग रोज एक ते तीन किलोमीटरने वाढते. सौर वादळात हवेचा रोध वाढतो, तेव्हा ती याहून वेगाने वाढते: फेब्रुवारी २०२२मध्ये अशाच वाढलेल्या रोधामुळे स्टारलिंकचे ४९पैकी ३८ उपग्रह गेले. जुनं टीएलई नव्याच्या वेळेपर्यंत चालवून दोन्हींची तुलना करा. अचानक मोठी उडी दिसली, तर इंजिन चालवून कक्षा बदललेली असू शकते.

टीएलईची फाइल रिकाम्या जागांवर तोडू नका, ठरलेल्या स्तंभांनुसार वाचा. फेऱ्यांचा आकडा दहा हजारांवर गेला की तो आधीच्या आकड्याला चिकटतो. म्हणून नव्या उपग्रहावर चाललेला कोड जुन्यावर कोसळतो. विकेंद्रतेचं (कक्षा किती लंबगोल, त्या आकड्याचं) दशांशचिन्हही छापलेलं नसतं.

कोड स्वतः लिहिला असेल, तर व्हॅलाडो आणि सहकाऱ्यांनी २००६मध्ये दिलेल्या चाचणी-उदाहरणांवर आधी चालवा. तिथे आकडे जुळले की मॉडेलला दोष देणं थांबवून वेळ आणि चौकट पुन्हा बघा.