‘क्लॅम्बर’ वापरताना या चुका टाळा

इंग्रजी मजकूर तपासता तपासता माझे केस पांढरे झाले, पण ‘क्लॅम्बर’ (clamber), म्हणजे हातपाय टेकत धडपडत चढणं, या शब्दाचे हाल काही थांबत नाहीत.

एकदा एका शाळेचा वार्षिक अहवाल हातात आला. वाक्य होतं: ‘द चीफ गेस्ट क्लॅम्बर्ड ऑन्टू द स्टेज.’ पाहुणे सत्तरीचे, अंगाने भारी. वाक्याचा अर्थ असा, की ते टेबलाची कड धरून, गुडघा टेकवून, धडपडत कसेबसे व्यासपीठावर चढले! लिहिणाऱ्या सरांना विचारलं, तर म्हणाले, “मॅडम, ‘क्लाइम’ (climb) फार साधा वाटला, म्हणून मोबाइलवर समानार्थी शब्द शोधला.” प्रती छापून झाल्या होत्या. मग सर, शिपाईमामा आणि मी, तिघं दुपारभर डिंक लावून त्या ओळीवर कागदाच्या पट्ट्या चिकटवत बसलो. समानार्थी शब्दांची यादी उघडून त्यातला सर्वांत भारदस्त शब्द उचलणाऱ्यांवर माझा राग आहे तो तेव्हापासून.

माझी कसोटी एकच: हात लागले का? सिंहगडाच्या वाटेने चालत वर गेलात, तर ‘क्लाइम’. हरिहर किल्ल्याच्या खड्या पायऱ्यांवर बाजूच्या खोबणीत बोटं रुतवून चढलात, तर ‘क्लॅम्बर’. रेल्वेत खालच्या माणसाच्या उशीवर पाय देत वरचा बर्थ गाठणं, हेही अस्सल ‘क्लॅम्बर’. भराभर चढलात, तर ‘स्क्रॅम्बल’कडे वळा, ‘क्लॅम्बर’मध्ये घाईपेक्षा अवघडलेपण जास्त.

आणि दिशा वरचीच हवी असं नाही. जीपमधून धडपडत उतरलात तर ‘क्लॅम्बर आउट ऑफ’, कड्यावरून उतरलात तर ‘क्लॅम्बर डाउन’. नुसतं ‘क्लॅम्बर द वॉल’ मात्र खटकतं. ‘ओव्हर’, ‘अप’, ‘इन्टू’ असं काहीतरी मध्ये घाला. भाव चढतात तेव्हा ‘क्लाइम’च, कांद्याला हातपाय नसतात.

उच्चारात उलटा गोंधळ. ‘क्लाइम’मधला ‘ब’ मुका असतो, तो आपण ठासून म्हणतो. ‘क्लॅम्बर’मधला ‘ब’ बोलतो, तो आपण गिळतो. गिळला की होतो ‘क्लॅमर’, म्हणजे आरडाओरडा, गलका. परवाच एका निबंधात मुलं लाडवांसाठी ‘क्लॅम्बर’ करत होती. लाडू माळ्यावर असते, तर मी ते वाक्य सोडलं असतं.