ओटा-ट्रॉल्या साफ करताना या चुका टाळा: दिवाळीनंतर मला येणारे फोन

मी सोलापुरात किचन ट्रॉल्या बसवायचं काम करतो. लोकांना वाटतं आमचा सीझन दिवाळीच्या आधी. नवीन कामांचा असतोही. पण दुरुस्तीचे फोन दिवाळी उरकली की सुरू होतात. "सिंकखालचं दार फुगलंय." "ओट्यावर पांढरट काहीतरी उमटलंय, जाता जाईना." "ट्रॉली अर्ध्यावर अडकते." जाऊन बघितलं की बहुतेक ठिकाणी कारण एकच, सणाची साफसफाई दणक्यात झालेली असते. वर्षभराच्या फोडण्यांनी जेवढं बिघडत नाही तेवढं त्या दोन दिवसांत बिघडतं.

लिंबू-चिंच प्रत्येक दगडाला चालत नाही

सुरुवात माझ्याच घरापासून करतो. आईच्या जुन्या घरात काळ्या कडप्प्याचा ओटा आहे. दुसऱ्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं, म्हणून तिने तांब्याचा हंडा चिंच-मिठाने लख्ख घासला, वरवर खळबळला आणि ओट्यावरच उपडा घातला. सकाळी हंडा उचलला तर खाली राखाडी वर्तुळ. ते घालवायला तिने अर्धं लिंबू घेऊन जोर लावला. वर्तुळाचं ताट झालं.

कडप्पा आणि आपल्याकडे घरोघरी दिसणारी शहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड. आंबट लागलं की वरचा थर विरघळतो आणि पॉलिश जातं. म्हणजे तो डाग नसतोच, दगडच तेवढा खाल्लेला असतो. मग घासून काय जाणार? त्यावर पॉलिशवाल्याकडून पुन्हा हात मारून घेणं एवढाच इलाज. खोबरेल तेलाने काळेपणा येतो, पण थोडे दिवस, आणि त्यावर पिठाची भुकटी चिकटून बसते. संगमरवराचंही हेच.

आपला ओटा कशाचा आहे ते माहीत नसेल तर सिलिंडरच्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात, लिंबाचा एक थेंब टाका. पाच मिनिटांनी पुसून उजेडात तिरकं बघा. तेवढ्याच जागेची चमक गेली असेल तर दगड चुनखडीचा. ग्रॅनाइटला एवढ्याने काही होत नाही.

पण म्हणून ग्रॅनाइटवाल्यांनी संडासचं ॲसिड ओट्यावर आणू नये. दगड तग धरेल, सांध्यातलं व्हाइट सिमेंट धरणार नाही. ते झिजतं, फटीतून पाणी खाली उतरतं आणि ट्रॉलीच्या डोक्यावर टपकतं. ॲसिडच्या वाफेने स्टीलच्या सिंकवरही तांबूस ठिपके उठतात. आणि एक गोष्ट जिवाशी येणारी आहे: ॲसिड आणि ब्लीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. दोन्ही टाकलं की दुप्पट स्वच्छ होतं असं समजणारे बरेच भेटतात. चुकून झालंच तर तिथे थांबून पुसत बसू नका, खिडकी-दार उघडून बाहेर पडा.

बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार हा वेगळा विषय. नळावर, सिंकवर, ग्रॅनाइटवर व्हिनेगर भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवा, जुन्या प्लॅस्टिक कार्डाने हलकेच खरवडा, भरपूर पाण्याने धुवा, कोरडं करा. कडप्प्यावर व्हिनेगर नाही. तिथे साबणाचं पाणी, आणि पुन्हा थर साचू नये म्हणून रात्री ओटा कोरडा पुसायची सवय.

दार फुगतं ते खालच्या कडेने

ट्रॉलीच्या दारावर सनमायका असतो, त्यातून पाणी शिरत नाही. शिरतं ते कडेतून. निथळतं फडकं दारावर फिरवलं की पाणी ओघळून खालच्या कडेला थांबतं. आता आमच्याच धंद्यातली एक गोष्ट सांगतो: खालची कड दिसत नाही म्हणून काही कारागीर तिथे कड झाकणारी पट्टीच मारत नाहीत. आज स्वयंपाकघरात गेलात की दार उघडून खालून बोट फिरवा. गुळगुळीत लागलं तर ठीक. खरखरीत, लाकडासारखं लागलं तर तिथे पट्टी नाही. सुताराला बोलवून पट्टी लावून घ्या, तोवर निदान वॉर्निशचा हात द्या.

प्लायवूड चांगलं असेल तर थोडं ओलं झालेलं वाळून बऱ्यापैकी जागेवर येतं. एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड, म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेली फळी, एकदा फुगलं की फुगलं. ते घासून, दाबून, इस्त्री करून (हो, एका घरी इस्त्रीही केली होती) बसत नाही, दार बदलावं लागतं. नवीन काम करणार असाल तर निदान सिंकखालच्या भागाला मरीन प्लाय वापरा, त्यावर आयएस 710 असा शिक्का असतो.

सिंकखालचं दार आधी जातं त्याला सोलापुरात आणखी एक कारण आहे. नळाला रोज पाणी येत नाही, मग साठवण आली. ओट्यावर जागा संपली की बादल्या, कॅन, छोटं पिंप सिंकखाली सरकतं. भरताना सांडलेलं पाणी पिंपाच्या बुडाखाली दिवसेंदिवस तसंच राहतं, वरून दार बंद. तळाची फळी कुजते, वास येतो, झुरळं होतात, आणि झुरळांच्या औषधावर पैसे जातात. साठवण थांबवता येणार नाही हे कळतं मला. पिंपाखाली प्लॅस्टिकचा पाट किंवा विटा ठेवून हवा खेळती ठेवा आणि ते दार रात्री उघडं ठेवा. आईकडे खालचे कप्पेसुद्धा कडप्प्याचे आहेत. चाळीस वर्षांत ना वाळवी, ना कूज. दिसायला साधे, पण आमच्या नव्या कामांना कधीकधी लाजवतात.

धुतलेली दारं गच्चीवर उन्हात टाकायची ही आणखी एक चूक. ऑक्टोबरचंही आपलं ऊन काही कमी नसतं, उन्हाळ्याचं तर बोलायलाच नको. एका बाजूने तापलं की दार वाकतं, सनमायका कडेने सुटतो. स्टीलच्या जाळ्या खुशाल उन्हात ठेवा. दारं पंख्याखाली.

चिकटा, हळद आणि शेंगाचटणी

गॅसच्या वरच्या कपाटांवर बसलेला ओशट थर म्हणजे तापून घट्ट झालेलं तेल. तो चाकूने खरवडायचा नाही, तारेच्या घासणीने तर नाहीच. पडलेले ओरखडे पुढच्या चिकट्याला घर करून देतात. कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब, फडकं पिळून त्या जागेवर दहा मिनिटं चिकटवून ठेवा, मग पुसा. गरज पडली तर पुन्हा. फडक्याला आपला सोलापुरी टॉवेल, जुना झालेला, कापून घ्या. पाणी शोषायला मला त्याहून चांगलं अजून काही मिळालेलं नाही. रॉकेल आणि थिनर गॅसच्या आसपास आणूच नका. आगीचा धोका तर आहेच, थिनरने ॲक्रिलिकच्या दारांची चमकही जाते. धुण्याच्या सोड्याने ॲल्युमिनियमची हँडलं काळवंडतात.

पांढऱ्या दारावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावल्यावर तो लाल झाला, म्हणून घाबरून फोन येतात. हळद साबण-सोड्याने लाल होते, डाग वाढलेला नसतो. साबण धुऊन टाका. खिडकीतून ऊन येत असेल तर काही दिवसांत डाग आपोआप फिका पडतो.

शेंगाचटणी कुटूनच खावी, याबद्दल वाद नाही. पण खलबत्ता ओट्यावर ठेवून कुटू नका. ग्रॅनाइट कडक असतो, तरी सिंक आणि गॅससाठी जिथे कापलेला असतो तिथे दगडाची पट्टी अरुंद असते. तडा जातो तो नेमका तिथेच, आणि तो पुन्हा पूर्ववत होत नाही. जमिनीवर पोतं घालून कुटा. ओटा क्वार्ट्झचा, म्हणजे दगडाचा चुरा रेझिनने (एक प्रकारच्या प्लॅस्टिकने) जोडून केलेला, असेल तर भाकरीचा तापलेला तवाही त्यावर थेट ठेवू नका. त्यातलं रेझिन करपतं आणि पिवळा चट्टा कायमचा राहतो.

अडकणाऱ्या ट्रॉलीचं कारण मात्र बहुतेक वेळा मजेशीर निघतं. कुरकुर करते म्हणून चॅनेलमध्ये, म्हणजे ट्रॉली ज्यावर सरकते त्या पट्ट्यांमध्ये, खाण्याचं तेल सोडलेलं असतं. वर ज्वारीचं पीठ पडतं. जुळे सोलापुरातल्या एका वैनींच्या ट्रॉलीच्या मागे बोट घातलं तर कणीक मळल्यासारखा गोळा हातात आला, त्यात शेंगदाण्याची फोलपटं. चॅनेलला तेल घालायचं नसतं. जुन्या टूथब्रशने झाडा, कोरडं पुसा. तरी आवाज आला तर हार्डवेअरच्या दुकानात सिलिकॉन स्प्रे मिळतो.

दार तिरकं झालं तर लगेच कारागीर नको. बिजागरीवरचा पुढचा स्क्रू थोडा थोडा फिरवा, दार डावी-उजवीकडे सरकतं.

सिंकभोवतीच्या फटीत भरलेलं सिलिकॉन काळं पडलं असेल तर त्यावर ब्लीच ओतत बसण्यापेक्षा ब्लेडने कापून काढा, जागा पूर्ण वाळू द्या आणि नवीन भरा. ते घट्ट व्हायला एक दिवस तरी पाणी लागता कामा नये. त्यामुळे नळाचा दिवस बघून, तो टाळूनच हे काम काढा.