फराळाची विक्री वाढली, पण पैसा उरत नाही? घरगुती व्यवसायात या चुका टाळा

घरातून फराळाचे पदार्थ करून विकणाऱ्या अनेक जणी दिवाळी संपल्यावर एकाच प्रश्नापाशी येऊन थांबतात. पंधरा-वीस दिवस गॅससमोर उभ्याने काढले, चकली, शेव आणि चिवडा मिळून शंभर किलोंच्या वर माल गेला, चवीबद्दल एकही तक्रार आली नाही आणि तरीही वाण्याचे बिल चुकते केल्यावर हाती फारसे काही उरले नाही. अशा वेळी पुढच्या वर्षी ऑर्डरी वाढवायच्या, असा निश्चय सर्रास केला जातो. माझे स्पष्ट मत असे आहे की, पैसा का उरला नाही याचे उत्तर मिळेपर्यंत एकही जास्तीची ऑर्डर घेऊ नये, कारण भावच चुकला असेल तर विक्री जितकी वाढेल तितका तोटाही वाढेल.

स्वतःची मजुरी न धरता भाव ठरवणे

ही या व्यवसायातली सर्वांत मोठी चूक आहे. भाव बहुधा शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या विक्रेतीकडे पाहून ठरतो आणि खर्च म्हणून डाळ, तांदूळ, तेल व मदतनीस बाईंची मजुरी एवढेच लिहिले जाते. यातून काय घडते ते चकलीच्या एका दिवसाच्या कामावरून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. आपापल्या गावचे भाव घालून हीच मांडणी प्रत्येकीला करता येईल.

समजा, ५ किलो भाजणी घेतली. धान्य, भाजणे आणि दळण धरून ती १०० रुपये किलोने पडली, म्हणजे ५०० रुपये झाले. मोहन आणि तळणी मिळून २ लिटर तेल संपले, त्याचे ३०० रुपये. तीळ, ओवा, तिखट, हिंग व मीठ यांचे १२० रुपये. मदतनीस बाई तासाला ७० रुपयांप्रमाणे ६ तास आल्या, त्यांचे ४२० रुपये. ही बेरीज १,३४० रुपये होते. चकली साडेसहा किलो उतरली, म्हणजे किलोला साधारण २०६ रुपये खर्च आला. शेजारचा भाव ३६० रुपये आहे, त्यामुळे किलोमागे दीडशेच्या वर सुटतात, असे समाधान वाटते आणि बहुतेकींची वही इथेच मिटते.

आता वहीत न आलेल्या गोष्टी पाहू. सोऱ्यातून पाडताना, झाऱ्याने उलटताना आणि पाकिटात भरताना मिळून अर्धा किलो चकली मोडते. ती घरात खाल्ली जाते किंवा शेजारी वाटली जाते. विकण्याजोगा माल ६ किलोच राहतो, म्हणजे पाव किलोची २४ पाकिटे. पाकीट आणि लेबल मिळून नगाला ९ रुपये धरले तर २१६ रुपये होतात. गॅसचे १६० आणि माल पोहोचवण्याच्या पेट्रोलचे १०० रुपये. हे सगळे मिळवले की खर्च १,८१६ रुपयांवर जातो. ९० रुपयांप्रमाणे २४ पाकिटांचे २,१६० रुपये आले, म्हणजे शिल्लक राहिले ३४४ रुपये. मालकीण बाई स्वतः बाजारहाट धरून ८ तास राबल्या, तेव्हा त्यांना तासाला ४३ रुपये पडले. त्यांच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याच हाताखाली काम करणाऱ्या बाईंना तासाला ७० रुपये मिळाले, हे वहीच्या त्याच पानावर शेजारी शेजारी लिहून पाहावे. मालकिणीचे ८ तास त्याच ७० रुपयांनी धरले तर एकूण खर्च २,३७६ रुपये होतो, किलोला ३९६ रुपये पडतात आणि ३६० रुपयांना विकलेली प्रत्येक किलो चकली ३६ रुपयांचा तोटा देऊन जाते.

‘माझ्या श्रमाचे काय पैसे लावायचे, घरचेच तर काम आहे’ हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकले आहे की त्याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्या दिवशी आजारपणामुळे त्या जागी दुसरी बाई ठेवावी लागेल, त्या दिवशी हे पैसे रोख मोजावे लागणारच आहेत, म्हणून ते आजपासूनच भावात असले पाहिजेत.

यावर उपाय एकच आहे आणि तो एका दिवसात होतो. कामाच्या दिवशी साहित्य घेण्यापूर्वी आणि उरल्यावर असे दोन्ही वेळा वजन करावे, गॅसची टाकी किती घाण्यांना पुरते ते टिपावे, काम सुरू केल्याची व संपल्याची वेळ भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या चौकटीतच लिहून ठेवावी आणि शेवटी विकण्याजोगा माल तोलून त्या वजनाने एकूण खर्चाला भागावे. कच्च्या मालाच्या वजनाने भागणे ही इथली नेहमीची गफलत आहे. तळणीचे तेल दुसऱ्या दिवशी वापरता येईल म्हणून खर्चातून वगळणेही तितकेच घातक आहे, कारण तेच तेल पुन्हा पुन्हा तापवण्यावर अन्नसुरक्षेच्या नियमांनीही मर्यादा घातली आहे: तेलातील ध्रुवीय संयुगांचे, म्हणजे पुन्हा पुन्हा तापवल्याने तेलात साचणाऱ्या खराब घटकांचे, प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तळणीला वापरता येत नाही.

दुकानदाराचे कमिशन उलट्या बाजूने मोजणे

समजा, खर्च आणि नफा धरून किलोमागे ४४० रुपये हातात यायला हवेत आणि दुकानदार विक्रीच्या किमतीवर २० टक्के कमिशन मागतो. बहुतेक जणी ४४० मध्ये त्याचे २० टक्के, म्हणजे ८८ रुपये मिळवून ५२८ रुपये किंमत छापतात. दुकानदार मात्र २० टक्के ५२८ वर कापतो, म्हणजे १०५ रुपये ६० पैसे, आणि हाती ४२२ रुपये ४० पैसेच येतात. ४४० ला ८० ने भागून १०० ने गुणले की खरी किंमत मिळते, ती ५५० रुपये. किलोमागे हा १७-१८ रुपयांचा फरक किरकोळ वाटतो, पण शंभर किलोंवर तो पावणेदोन हजारांच्या घरात जातो. आणखी एक गोष्ट दुकानात माल ठेवण्यापूर्वीच विचारून घ्यावी: न विकलेला, मुदत संपलेला माल कोणाच्या खाती जाणार आहे?

गणपतीत भाव सांगून दिवाळीत माल देणे

मोठ्या ऑर्डरी बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ठरतात, तर तेल आणि डाळ प्रत्यक्ष घेतली जाते ती ऑक्टोबरमध्ये. या मधल्या काळात काय होऊ शकते हे २०२४ साली सगळ्यांनी अनुभवले. त्या वर्षी १४ सप्टेंबरपासून केंद्र सरकारने कच्च्या पाम, सोयाबीन व सूर्यफूल तेलावरील मूळ आयात शुल्क शून्यावरून २० टक्के आणि रिफाइंड तेलावरील साडेबारावरून साडेबत्तीस टक्के केले. दिवाळी जेमतेम दीड महिन्यावर होती. ज्यांनी ऑगस्टच्या भावाने शब्द दिला होता, त्यांना वाढीव तेलाचा भार स्वतःच्या मजुरीतून सोसावा लागला. म्हणून मोठ्या ऑर्डरीचा भाव कागदावर द्यावा, तो किती तारखेपर्यंत लागू आहे हे त्यात लिहावे आणि निम्मी रक्कम आगाऊ घेऊन त्याच आठवड्यात त्या ऑर्डरीपुरते तेल व डाळ भरून ठेवावी. आगाऊ रक्कम मागताना संकोच वाटतो हे मला माहीत आहे. पण जो ग्राहक चार हजारांच्या ऑर्डरीला दोन हजार आधी द्यायला तयार नाही, त्याच्यासाठी आपण वाण्याकडे उधारी का करावी?

विक्री झाली म्हणजे पैसे आले, असे समजणे

महिन्याची विक्री ६०,००० रुपये झाली आणि बँकेत मात्र ५,००० रुपयेही दिसत नाहीत, तेव्हा आधी घाबरून न जाता दोन गोष्टी मोजाव्यात: लोकांकडून किती येणे आहे आणि फडताळात किती रुपयांचा माल पडून आहे. २२,००० रुपये उधारीत आणि १५,००० रुपये जास्तीच्या काजू-खोबऱ्यात अडकले असतील तर पैसा हरवलेला नसतो, तो थांबलेला असतो. ही दोन्ही खाती नीट असूनही पैसा दिसत नसेल, तर तो बहुधा घरखर्चात मिसळलेला असतो. ग्राहकाने यूपीआयने दिलेले पैसे ज्या खात्यात येतात, त्याच खात्यातून मुलांची फी आणि विजेचे बिल जात असेल, तर कोणत्याही हिशोबनिसाला व्यवसायाचा नफा सांगता येणार नाही. व्यवसायासाठी वेगळे खाते उघडावे आणि त्यातून दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला स्वतःचा पगार म्हणून एक रक्कम घरच्या खात्यात वळवावी. एरवी त्या खात्याला हात लावू नये.

कंपन्यांना दिवाळीच्या भेटीसाठी माल देणाऱ्यांची उधारी अधिक लांबते. इथे कायदा लहान उत्पादकाच्या बाजूने आहे, ही गोष्ट पुरेशी माहीत नाही. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात आणि ही मुदत लेखी करारानेही ४५ दिवसांपेक्षा लांबवता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच पैसे द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. शिवाय आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून अशी मुदत उलटलेली रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच आयकरात खर्च म्हणून दाखवता येते, त्यामुळे मार्चअखेर तगादा लावण्याला वजन येते. मात्र हे संरक्षण हवे असेल तर माल देण्यापूर्वी उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंदणी, झालेली असावी आणि तिचा क्रमांक बिलावर छापलेला असावा. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी आधार क्रमांकावर, सरकारी संकेतस्थळावर आणि पूर्णपणे मोफत होते. तिच्यासाठी हजार-दीड हजार रुपये मागणारी, सरकारी वाटावीत अशा रंगरूपाची संकेतस्थळे पुष्कळ आहेत. त्यांना पैसे देऊ नयेत.

परवान्यांचा विचार शेवटी करणे

घरच्या स्वयंपाकघरात केलेला पदार्थ विकायचा असला तरी अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते आणि तिचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. त्याबरोबर घटक पदार्थ, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किती तारखेपर्यंत वापरावे, सर्व करांसह किंमत, नाव-पत्ता आणि शाकाहारी पदार्थाचे हिरवे चिन्ह हेही असावे लागते. गॅसबद्दल एवढेच सांगते की, घरगुती जोडणीची १४.२ किलोची टाकी व्यवसायासाठी वापरायला परवानगी नाही. खर्च काढताना व्यावसायिक टाकीचाच दर धरावा.

जीएसटीच्या बाबतीत मात्र एक समज फार महागात पडतो. महाराष्ट्रात केवळ वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या वर जाईपर्यंत नोंदणी करावी लागत नाही, हे खरे आहे. पण ही सवलत राज्यातल्या राज्यात होणाऱ्या विक्रीपुरती आहे. वस्तू दुसऱ्या राज्यात विकली की उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी बंधनकारक होते. सावंतवाडीहून पणजीच्या दुकानाला खाजा पाठवणे, कोल्हापूरहून बेळगावच्या ग्राहकाला चिवडा देणे किंवा पुण्याहून बंगळुरूच्या मराठी मंडळाला फराळाचे खोके कुरिअर करणे, हे सगळे आंतरराज्य विक्रीत मोडते. रोजचे जेवणाचे डबे देणाऱ्यांनीही ४० लाखांच्या भरवशावर राहू नये, कारण ती सेवा धरली जाते आणि तिथली मर्यादा २० लाखांची आहे.

सहा आठवड्यांच्या हंगामासाठी बारा महिन्यांचा हप्ता

दिवाळीत हात पुरले नाहीत म्हणून जानेवारीत कर्ज काढून चकलीचे यंत्र घ्यायचे, हा मोह होतो. मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचे शिशू कर्ज तारणाशिवाय मिळू शकते, त्यामुळे पाऊल पटकन उचलले जाते. यंत्र वाईट नाही, पण हप्ता दर महिन्याला येतो आणि चकलीची खरी मागणी दिवाळीच्या आसपासच असते. उन्हाळ्यात कुरडया-पापड, श्रावणात उपवासाची भाजणी, थंडीत डिंकाचे लाडू असे वर्षभराचे काम आधी उभे राहिले असेल आणि त्यातल्या सगळ्यांत मंद महिन्याच्या शिलकीतून हप्ता निघत असेल, तरच कर्ज घ्यावे. तोपर्यंत हंगामापुरती आणखी एक मदतनीस ठेवणे स्वस्त पडते.

भाव चुकला आहे हे कळल्यावर तो वाढवायचा कसा, हा प्रश्न उरतो. किंमत तीच ठेवून पाकिटात गुपचूप २५० ऐवजी २३० ग्रॅम भरणे हा मार्ग मुळीच घेऊ नये. छापलेल्या वजनापेक्षा कमी माल देणे हा वैधमापन कायद्याने गुन्हा आहे आणि घरच्या काट्यावर ते ग्राहकाला लगेच कळतेही. नेहमीच्या ग्राहकांना श्रावणातच, नव्या भावाच्या तारखेसह, साध्या शब्दांत कळवावे. काही जण जातील. वरच्या उदाहरणात ३६० रुपयांच्या भावाने ६ किलो विकून हाती ३४४ रुपये राहत होते. भाव ४८० रुपये केल्यावर ग्राहक घटून ४ किलोच विकली गेली तरी १,९२० रुपये येतात, तेल, भाजणी, पाकिटे, गॅस आणि मदतनीस बाईंचे तास कमी होतात, आणि पेट्रोलचे १०० रुपये पूर्ण धरले तरी खर्च १,२५० रुपयांच्या आतच राहतो. म्हणजे दोन किलो चकली कमी तळूनही हातात साडेसहाशेच्या वर रुपये येतात.