यमक कानाने जुळवा: इंग्रजी रायमिंग वर्ड्स नव्याने शिकणाऱ्यांसाठी

इंग्रजी शिकायला बसलं की सुरुवातीलाच रायमिंग वर्ड्सची, म्हणजे यमक जुळणाऱ्या शब्दांची, यादी हातात पडते. कॅट, रॅट, मॅट, हॅट. मांजर, उंदीर, चटई, टोपी. मुलांना गंमत म्हणून हे ठीक आहे. पण मोठा माणूस अशी यादी पाठ करू लागला, की थोड्याच दिवसांत मॅट म्हणजे चटई की उंदीर असा घोळ सुरू होतो. सारखे वाजणारे नवे शब्द एकाच रांगेत, एकाच दिवशी घोकले की त्यांचे अर्थ एकमेकांत मिसळतात. मी स्वतः मराठी माध्यमातून शिकले आणि आता मोठ्यांना सुरुवातीचं इंग्रजी शिकवते. हा घोळ जवळजवळ प्रत्येक वर्गात दिसतो. यमकाने उच्चार पक्का होतो. अर्थासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागते, आणि याद्या छापणारे नेमकं हेच सांगत नाहीत.

आधी यमक कशाला म्हणायचं ते पाहू. मराठीत ‘पाणी’ आणि ‘कोणी’ असं शेवटचं अक्षर जुळलं तरी आपला कान बऱ्यापैकी खूश होतो. इंग्रजीचा नियम कडक आहे. शब्दातल्या ज्या स्वरावर शेवटचा जोर पडतो, तिथपासून अखेरपर्यंत सगळे आवाज तेच हवेत आणि त्या स्वराआधीचं व्यंजन वेगळं हवं. म्हणून मदर आणि ब्रदर जुळतात, ‘आणखी एक’ या अर्थाचा अनदरही त्यांच्यात बसतो. फादर मात्र बाहेर राहतो, कारण त्यातला जोराचा स्वर ‘आ’ आहे. स्पेलिंगचा शेवट मदरसारखाच आहे, पण त्याला कान विचारत नाही. राइट म्हणजे बरोबर आणि राइट म्हणजे लिहिणे, ही जोडीसुद्धा खऱ्या अर्थाने यमक नाही, कारण तिथे आधीचं व्यंजनही तेच आहे. ते नुसते समान उच्चाराचे शब्द.

आता आपल्या खास अडचणीकडे. ‘पेन’ हा शब्द घ्या. लेखणीही पेन आणि वेदनाही पेन. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहितो आणि मग बोलतोही सारखेच. सेल म्हणजे विकणे आणि सेल म्हणजे विक्री, गेट म्हणजे मिळणे आणि गेट म्हणजे फाटक, वेट म्हणजे ओला आणि वेट म्हणजे थांबणे, सगळीकडे तीच गत. या प्रत्येक जोडीतल्या पहिल्या शब्दातला ‘ए’ आखूड आहे, तोडून टाकल्यासारखा. दुसऱ्यातला लांब आहे आणि शेवटी ‘इ’कडे घसरतो. आपल्या लिपीत हा फरक दाखवायची सोय नाही, त्यामुळे बाराखडीवर विसंबून चालत नाही. इथे यमक खरं कामाला येतं. लेखणीचा पेन टेन म्हणजे दहा, हेन म्हणजे कोंबडी, मेन म्हणजे पुरुषांचं अनेकवचन आणि देन म्हणजे मग, यांच्या घरातला. वेदनेचा पेन रेन म्हणजे पाऊस, चेन म्हणजे साखळी, प्लेन म्हणजे विमान आणि ट्रेन यांच्या घरातला. दोन्ही रांगा पाठोपाठ मोठ्याने म्हणा. मनातल्या मनात वाचून उपयोग नाही, ओठ आणि जबडा हलला पाहिजे. दुसऱ्या रांगेत जबडा किंचित मिटत जातो, तो जाणवायला लागला की निम्मं काम झालं. आणि ‘म्हणाला’ या अर्थाचा सेड स्पेलिंगवरून लांब वाटतो, पण तो आखूड आहे. त्याचं यमक बेड आणि रेडशी जुळतं, ‘पैसे दिले’ या अर्थाच्या पेडशी जुळत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. फुल म्हणजे भरलेला, पुल म्हणजे ओढणे, बुल म्हणजे बैल, हे आखूड उकाराचे. फूल म्हणजे मूर्ख, पूल म्हणजे तळं, कूल म्हणजे थंड, टूल म्हणजे अवजार, हे लांब उकाराचे. मराठीतलं फूल आणि पूल तेवढ्यापुरतं डोक्यातून काढून टाका, नाहीतर अर्थ भलतीकडे जातात. ॲ आणि ऑ यांची चिन्हं मात्र आपल्याकडे आहेत, त्यामुळे बॅग म्हणजे पिशवी आणि बेग म्हणजे भीक मागणे यांत मराठी माणूस सहसा अडखळत नाही, निदान लिहिताना तरी.

शेवटच्या व्यंजनाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही, आणि अर्ध्या चुका तिथेच असतात. प्राइस म्हणजे किंमत. त्याचं यमक राइस, नाइस आणि ‘दोनदा’ या अर्थाच्या ट्वाइसशी. प्राइझ म्हणजे बक्षीस. त्याचं यमक साइझ, ‘शहाणा’ या अर्थाच्या वाइझ आणि ‘डोळे’ या अर्थाच्या आइझशी. सल्ला म्हणजे अ‍ॅडव्हाइस, तो प्राइसच्या रांगेत. सल्ला देणे म्हणजे अ‍ॅडव्हाइझ, ते प्राइझच्या रांगेत. प्राइझच्या शेवटचा हा आवाज आपल्याला परका नाही, ‘मजा’ आणि ‘बाजू’ यांतल्या ज च्या तो बराच जवळ आहे. क्लोज या एका स्पेलिंगमध्ये तर दोन्ही प्रकार नांदतात. ‘जवळ’ या अर्थी तो औषधाच्या डोसशी जुळतो, ‘बंद करणे’ या अर्थी नोझ आणि रोझशी.

स्पेलिंग इतकं बेभरवशाचं का, हे कळलं तर चिडचिड थोडी कमी होते. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला इंग्लंडमधला पहिला छापखाना सुरू केला आणि छपाईबरोबर स्पेलिंगं हळूहळू घट्ट होत गेली. त्याच काळात, साधारण 1400 ते 1700 या दरम्यान, इंग्रजीतले दीर्घ स्वर मोठ्या प्रमाणावर बदलले. लिहिणं मागे राहिलं, बोलणं पुढे निघून गेलं. नाइटच्या स्पेलिंगमधले जी आणि एच एकेकाळी घशातल्या ख सारखे उच्चारले जात. आवाज गेला, अक्षरं उरली. ओ-यू-जी-एच या चार अक्षरांनी संपणारे शब्द पाहा. ‘जरी’ या अर्थाचा दो हा गोशी जुळतो, ‘मधून’ या अर्थाचा थ्रू ब्लूशी, ‘चिवट’ या अर्थाचा टफ स्टफशी, ‘खोकला’ या अर्थाचा कॉफ ऑफशी आणि ‘झाडाची फांदी’ या अर्थाचा बाउ नाउशी. शेवट एकच, यमकं पाच. डबल ओचंही असंच: ब्लड मडशी, फूड रूडशी, गुड वुडशी. कम आणि होम, लव्ह आणि मूव्ह या जोड्या कागदावर जुळतात, तोंडात नाही.

म्हणून वही करायची तर आवाजाप्रमाणे करा. एका पानावर एकच आवाज. समजा ‘ऊ’चं पान आहे: निळा ब्लू, बूट शू, दोन टू, थोडे फ्यू, मधून थ्रू, वाढला ग्र्यू. स्पेलिंगं पाच तऱ्हांची, आवाज एक. प्रत्येक शब्दापुढे अर्थ लिहाच, पण शब्दार्थ लिहून थांबू नका. तुमच्या बोलण्यात येईल असं छोटं वाक्य लिहा. ज्या शब्दाचं वाक्य सुचत नाही तो पानावर घेऊच नका, मग यमक कितीही छान जुळत असो. नवे शब्द एका वेळी दोन-तीनच घ्या आणि बाकीचे ओळखीचे ठेवा. ओळखीचा शब्द खुंटीसारखा असतो, नव्याचा आवाज त्यावर टांगता येतो.

आवाज आणि अक्षर एकत्र शिकण्याला अभ्यासाचा आधारही आहे. लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट या संशोधकांनी 1983 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात सुमारे 400 लहान मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. शाळेत वाचायला लागण्याआधी ज्यांना यमक चांगलं ओळखता येत होतं, ती मुलं पुढे वाचन आणि स्पेलिंगमध्ये सरस ठरली. अभ्यासातल्या काही मुलांना आवाज ओळखण्याचा सराव दिला होता. सर्वांत जास्त फायदा त्याच मुलांना झाला, ज्यांनी आवाजाबरोबर अक्षरंही हाताळली. तो अभ्यास इंग्रजी मातृभाषेच्या मुलांचा होता, मोठ्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी वर्गात मला तीच दिशा बरोबर वाटत आली आहे.

मोठ्या शब्दांत जोर कुठे आहे ते आधी शोधा. नेशन, स्टेशन आणि एज्युकेशन जुळतात, कारण तिघांतही जोर ‘ए’वर आहे. सिंगर आणि फिंगर मात्र फसवे. बोटातला ग स्पष्ट ऐकू येतो, गायकातला नाकातच विरतो. महिना या अर्थाच्या मन्थला नेहमीच्या इंग्रजीत पूर्ण यमकच नाही, तेव्हा त्याच्या मागे वेळ घालवू नका.

एक गंमत सांगायला हवी. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये एकोणिसाव्या शतकात यमकांची एक चोरबोलीच तयार झाली. जिना म्हणजे स्टेअर्स, त्याच्याशी जुळणारं ‘ॲपल्स अँड पेअर्स’, मग नुसतं ॲपल्स म्हटलं की जिना समजायचा. ‘यूझ युअर लोफ’ म्हणजे डोकं चालव: हेडशी जुळतं ‘लोफ ऑफ ब्रेड’, आणि त्यातला यमकाचा ब्रेडच गळून गेला. नवशिक्यांनी हे वापरायच्या फंदात पडू नये, पण सिनेमा बघताना कानावर पडलं तर दचकू नये.

ऑनलाइन यमक शोधताना साधन अमेरिकन की ब्रिटिश ते बघा. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा मोफत उच्चारकोश अशा साधनांत बराच वापरला जातो. त्यात 1,30,000 हून अधिक शब्द आहेत, पण उच्चार अमेरिकन. तिथे कारकून क्लर्क असतो आणि वर्कशी जुळतो. ब्रिटिश इंग्रजीत तो क्लार्क होतो आणि अंधाराच्या डार्कशी जुळतो. मुळाक्षरांच्या गाण्याचा शेवटही त्यामुळेच झी म्हटलं तर जुळतो, झेड म्हटलं तर नाही. दोन्ही बरोबर आहेत, पण एका वहीत एकाच पद्धतीचे उच्चार ठेवा आणि शंका आली की शब्दकोशातलं स्पीकरचं चिन्ह दाबून ऐका.