यात्रेतील प्रदर्शनासाठी खिलार कालवड: शाळकरी मुलांनी करावयाची तयारी

पुसेगाव (जि. सातारा) किंवा खरसुंडीच्या (जि. सांगली) यात्रेत जनावर स्वतः उभे करण्याची इच्छा घरातील मुलाला किंवा मुलीला असेल, तर त्यांच्या हाती खिलार जातीच्या खोंडाऐवजी (तरुण नराऐवजी) कालवड (न व्यालेली तरुण गाय) द्यावी, कारण वयात येणारा खोंड कितीही गरीब असला तरी गर्दीत बिथरल्यावर त्याला आवरण्याचे बळ लहान हातांत नसते. जनावरांचे वयोगट बहुधा दातांवरून ठरतात. दुधाचे दात आहेत तोवर जनावर ‘आदत’ समजले जाते आणि कायमचे पहिले दोन दात दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास येतात, म्हणून सहा-आठ महिन्यांची कालवड निवडल्यास तयारीला पुरेसा अवधी मिळतो.

निवडताना लांबट व निमुळता चेहरा, लहान टोकदार कान, सरळ पाठ, अंगाला घट्ट बसलेली कातडी आणि काळे खूर पाहावेत. या वयात शिंगे आखूड असल्यामुळे ती पुढे कशी वळतील याचा अंदाज आईची शिंगे पाहून बांधावा. त्याहून महत्त्वाची आहे ती चाल. खिलार ही मुळात कामाची, चपळ जात असल्याने मागचे पाय फेकत किंवा घासत चालणारी कालवड रंगाने कितीही उजळ असली तरी घेऊ नये.

खुराक वाढवून जनावर गुबगुबीत करण्याचा मोह टाळावा, कारण खिलारचे सौंदर्य तिच्या ताठ, आटोपशीर बांध्यात असते. रोज ज्वारीचा कडबा, मका किंवा लसूणघास (एक हिरवा चारा), एक ते दीड किलो भरडा (भरडलेले धान्य) व पेंड, २५ ते ३० ग्रॅम खनिज मिश्रण आणि दिवसभर स्वच्छ पाणी एवढा आहार पुरतो.

खरी मेहनत हाताळणीची आहे आणि ती मुलानेच करावी, असे मला मनापासून वाटते. वैरण टाकणे, पाणी दाखवणे, खरारा करणे ही कामे रोज त्याच हातांनी झाली, म्हणजे कालवड त्या आवाजाला आणि वासाला ओळखू लागते. सुरुवातीला म्होरकी (तोंडाभोवती बांधायची दोरी) घालून अंगणात, नंतर गावच्या रस्त्यावर आणि शेवटी हलगी, गाड्या, माणसे यांच्या गजबजाटात तिला फिरवावे. मुलाने तिच्या डाव्या खांद्याजवळून चालावे आणि कासऱ्याची (जनावर धरून नेण्याच्या दोराची) घडी मुठीत धरावी; कासरा मनगटाला कधीही गुंडाळू नये, कारण जनावर उधळल्यास मूल फरफटत जाते. थांबल्यावर चारही पायांवर सारखा भार देऊन, मान उंच ठेवून उभे राहण्याची सवय रोज थोडा वेळ लावावी. पाय, खूर आणि तोंड यांना हात लावू देण्याचीही सवय हवी, कारण परीक्षक दात उघडून पाहतात. वेसण घालण्याचे काम मात्र जाणत्या माणसाकडेच सोपवावे.

कानातील १२ अंकी बिल्ला, लाळ्या-खुरकूत व लम्पी (अंगावर गाठी आणणारा त्वचारोग) यांचे लसीकरण, जंतनाशक आणि आरोग्य दाखला यांसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात आधीच जावे. लस यात्रेच्या किमान महिनाभर आधी टोचलेली असावी, कारण प्रतिकारशक्ती तयार होण्यास वेळ लागतो. २०२२ मध्ये लम्पीमुळे राज्यात जनावरांचे बाजार व प्रदर्शने बंद ठेवावी लागली होती, हे लक्षात घेता या कागदपत्रांकडे सोपस्कार म्हणून पाहू नये.

यात्रेला निघताना घरचा कडबा व पेंड सोबत न्यावी. अचानक वैरण बदलल्यास पोटफुगी होते. मार्गशीर्ष-पौषातील थंडीत आदल्या दिवशी दुपारच्या उन्हातच अंघोळ घालून सुती कापडाने अंग कोरडे करावे. शिंगांना रंग किंवा हिंगूळ लावू नये, त्यांचा मूळ रंग परीक्षकांना दिसू द्यावा. मैदानात मुलाने जनावराबरोबरच परीक्षकांकडेही लक्ष ठेवावे आणि वय, आईची माहिती, आहार याविषयी विचारल्यास स्वतः उत्तर द्यावे.

परतल्यावर कालवडीला दोन ते तीन आठवडे इतर जनावरांपासून दूर, वेगळ्या दावणीला बांधावे, तिचे अंग गोचिडांसाठी तपासावे आणि ताप, लाळ किंवा अंगावर गाठी दिसल्यास त्याच दिवशी पशुवैद्यकांना कळवावे.