झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांनी रंगीत पाणी कसे शुद्ध करावे

कापडरंगाईच्या सांडपाण्यातील रंग तुरटीने किंवा सक्रिय कोळशाने काढता येतो. पण तेव्हा तो पाण्यातून निघून गाळात किंवा कोळशात जाऊन बसतो आणि त्याची विल्हेवाट लावण्याचा प्रश्न तसाच उरतो. झिंक ऑक्साइडच्या नॅनोकणांवर उन्हातील अतिनील किरण पडले की त्यांच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल मूलके (ऑक्सिजन व हायड्रोजनचे अतिशय क्रियाशील तुकडे) तयार होतात आणि ती रंगाचा रेणूच तोडतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मेथिलीन ब्लू या रंगावर हा प्रयोग कसा करावा, ते पुढे दिले आहे. पिण्याच्या पाण्यावर मात्र तो करू नये.

प्रथम कण तयार करावेत. १०० मिली ऊर्ध्वपातित पाण्यात २.२ ग्रॅम झिंक ॲसिटेट डायहायड्रेट आणि दुसऱ्या १०० मिली पाण्यात ०.८ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड विरघळवावे. पहिले द्रावण चुंबकीय ढवळणीवर ठेवून त्यात दुसरे थेंबथेंब सोडावे. घाईने ओतल्यास कण लहानमोठे होतात. पांढरा साका दोन तास ढवळून गाळावा, धुवण उदासीन होईपर्यंत पाण्याने धुवावा आणि शेवटी एकदा अल्कोहोलने धुवावा, म्हणजे वाळताना ढेकळे कमी होतात. ८० अंश सेल्सिअसला वाळवून पूड चिनी मातीच्या मुशीत ४०० अंशांवर दोन तास भाजावी. भट्टीतून काढताना ती पिवळसर दिसली तर प्रयोग फसला असे समजू नये. गरम झिंक ऑक्साइड पिवळेच असते आणि थंड होताच पांढरे होते. या प्रमाणात जास्तीत जास्त ०.८१ ग्रॅम पूड मिळू शकते, प्रत्यक्षात हाती थोडी कमीच येते. ती खलताना मास्क लावावा. कण खरोखर नॅनो आकाराचे आहेत का, हे डोळ्यांनी ठरत नाही; त्यासाठी एक्स-किरण विवर्तनाचा आलेख काढून घ्यावा.

आता मुख्य प्रयोग. लिटरला १० मिलिग्रॅम या प्रमाणात मेथिलीन ब्लूचे द्रावण करून त्यातील २०० मिली चंचुपात्रात घ्यावे, ०.१ ग्रॅम पूड टाकावी आणि पात्र अंधारात ३० मिनिटे ढवळत ठेवावे. ही पायरी कंटाळवाणी वाटते म्हणून बरेच विद्यार्थी ती गाळतात, आणि कणांवर नुसता चिकटलेला रंगही तुटलेल्या रंगात मोजून बसतात. अंधारानंतर घेतलेला नमुना हाच आरंभबिंदू धरावा. त्यानंतर पात्र भर दुपारच्या उन्हात, ढवळणे चालू ठेवून, ठेवावे आणि दर १५ मिनिटांनी ५ मिली नमुना काढावा. उन्हात पाणी उडून जाते व उरलेला रंग दाट होतो. म्हणून प्रत्येक नमुन्यानंतर पात्रावर पाण्याच्या पातळीची पेनाने खूण करावी आणि पुढचा नमुना काढण्याआधी ऊर्ध्वपातित पाणी घालून पातळी त्या खुणेवर आणावी.

नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरच्या निवळ पाण्याचा शोषणांक, म्हणजे ते किती प्रकाश शोषते तो आकडा, स्पेक्ट्रोफोटोमीटरने ६६४ नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजावा. कण खाली बसले नसतील तर ते प्रकाश विखुरतात आणि आकडा उगाच वाढतो. आरंभीच्या शोषणांकातून त्या वेळचा शोषणांक वजा करून, आरंभीच्या शोषणांकाने भागून १०० ने गुणले की रंग किती टक्के गेला ते कळते. याच्याच जोडीला दोन पात्रे आणखी ठेवावीत: एक पुडीशिवाय उन्हात, दुसरे पुडीसह अंधारात. मेथिलीन ब्लू नुसत्या उन्हानेही थोडे विटते. हे आकडे नसतील तर निकालाला अर्थ राहत नाही.

रंग गेला तरी पाणी शुद्ध झाले असे नाही. मेथिलीन ब्लू रेणू न तुटता नुसते क्षपण (इलेक्ट्रॉन मिळणे) होऊनही रंगहीन होते आणि हवा लागताच पुन्हा निळे पडते. म्हणून शेवटचा नमुना अंधारात उघडा ठेवून, अधूनमधून हलवून पाहावा. त्यातूनही तो रंगहीन राहिला, तर पोटॅशियम डायक्रोमेट वापरून रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यात उरलेल्या सेंद्रिय द्रव्याच्या ऑक्सिडीकरणाला किती ऑक्सिजन लागेल ते, मोजावी. रंग ९० टक्के गेला आणि ही मागणी फारशी उतरली नाही, तर रेणूचे तुकडे अजून पाण्यातच आहेत असे समजावे.

इचलकरंजीसारख्या ठिकाणच्या रंगाईगृहातील खरे सांडपाणी घेतल्यास अडचणी वाढतात. त्यातील सोड्याचे कार्बोनेट मूलके खाऊन टाकते, आणि गडद पाण्यातून प्रकाश खालपर्यंत पोहोचत नाही. ते आधी गाळून, पातळ करून घ्यावे. पाणी आम्लधर्मी असेल तर झिंक ऑक्साइड विरघळू लागते, म्हणून सामू ७ ते ९ दरम्यान राखावा आणि शेवटी पाण्यातील जस्त तपासावे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे. पण जलचरांना त्याहून कितीतरी कमी जस्तही घातक ठरते. वापरलेली पूड धुऊन, वाळवून, पुन्हा ४०० अंशांवर तासभर भाजून आणखी दोन-तीन वेळा वापरता येते, आणि दर खेपेला तिचा जोर किती उतरला तेही नोंदवावे. निकामी पूड व धुवण बेसिनमध्ये न ओतता झाकणाच्या, चिठ्ठी लावलेल्या बाटलीत साठवून घातक कचऱ्याबरोबर द्यावे.